कच्च्या मातीचा गुंडा

गोफणीचा विषय निघाला की लोक दोरीबद्दल विचारतात. अंबाडीची बरी की सुताची, लांबी किती ठेवावी, डोक्याभोवती फेरे किती घ्यावेत, दंडात बळ किती लागतं. गुंड्याबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. गुंडा म्हणजे वाकून उचलला तो दगड, एवढंच बहुतेकांच्या मनात असतं. वर्षानुवर्षं गोफण चालवून आणि तिच्यासाठी मातीचे गुंडे वळून माझं मत याच्या उलट झालं आहे. नेम निम्मा तरी घरी, ओसरीवर माती मळतानाच ठरतो. ज्याला गोफण मनापासून शिकायची आहे किंवा ज्वारीच्या राखणीसाठी ती खरोखर वापरायची आहे, त्यानं दगड सोडून मातीचे गुंडे करावेत. तेही न भाजता, उन्हात वाळवून आणि एकेक गोळा तोलून. हे हौसेचं किंवा जुन्याच्या प्रेमाचं म्हणणं नाही. त्याला कारणं आहेत, ती नीट मांडतो.

बंदुकीला नळी असते, धनुष्यावर बाणाला टेकायला जागा असते. गोफणीला दिशा देणारं असं काही नाही. एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत धरलेलं, आणि ती चिमट सुटण्याचा क्षण हीच तिची सगळी दिशा. हिशेब करून पाहा. हात आणि दोरी मिळून दीड मीटरची त्रिज्या धरली आणि गुंडा सेकंदाला ३० मीटर वेगानं सुटतो असं मानलं, तर चिमट सुटायला सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी दिशा अकरा-बारा अंशांनी फिरते. चाळीस मीटरवर नेम धरला असेल तर गुंडा आठ मीटर बाजूला पडतो. एवढ्या बारीक वेळेचा अंदाज डोक्यानं घेता येत नाही. तो हातालाच बसावा लागतो, आणि हात तो ओळखतो दोरीवर येणाऱ्या ओढीवरून. गुंडा जड असला की ओढ वाढते आणि फेरा मंदावतो. हलका असला की फेरा आधीच पुरा होतो आणि बोटं मागं राहतात. बांधावरून वेचलेल्या दगडांत एक ८० ग्रॅमचा निघतो, पुढचा १४० चा, तिसरा एका बाजूनं चपटा. अशा दगडांवर सराव करणाऱ्याचा हात प्रत्येक फेकीला नव्यानं शिकायला बसतो. कितीही मेहनत घेतली तरी बरेच दिवस नेम लागत नाही म्हणून गोफण सोडून देणारे मी पुष्कळ पाहिले. दोष त्यांच्या हाताचा क्वचितच असतो.

यावर सरळ उत्तर येतं की मग नदीतले गोल गोटे निवडून घ्यावेत, एकसारखे. उत्तर चांगलं आहे आणि काही ठिकाणी ते चालतंही. पण एकसारखं काय आहे हे डोळा ठरवतो, आणि या बाबतीत डोळ्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. चार सेंटिमीटरचा गोटा आणि त्याहून फक्त दोन मिलिमीटर मोठा गोटा तळहातावर शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच वाटतात, पण वजनात १६ टक्क्यांच्या आसपास फरक असतो. चार मिलिमीटरनं मोठा असेल तर फरक एक तृतीयांशावर जातो. त्यात दगडाची जात वेगळी असली, एखादा आतून सच्छिद्र असला, की अंदाज आणखी चुकतो. शिवाय काळ्या रानाच्या कितीतरी गावांत नदीत गोटे नसतात, गाळच असतो. मातीचं तसं नाही. मऊ असतानाच ती काट्यावर ठेवता येते, चिमूटभर काढता येते, चिमूटभर लावता येते. दगड निवडावा लागतो. माती हवी तेवढी घेता येते. माझ्या सगळ्या युक्तिवादाचा पाया हाच आहे.

हा शोध माझा नाही, फार जुना आहे. सीरियातल्या तेल सबी अब्याद इथं, इसवी सनापूर्वी ६००० च्या सुमारास आगीत जळालेल्या वस्तीत, गोफणीचे लांबट मातीचे गुंडे मोठ्या संख्येनं सापडले. त्याच देशात हामूकर इथं इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास एका नगरावर हल्ला झाला. पडलेल्या भिंतींच्या ढिगाऱ्यात हजाराहून अधिक लहान लांबट गुंडे आणि शंभरावर मोठे गोल गोळे मिळाले. तिथली एक गोष्ट मला विशेष वाटते. वापरून झालेल्या मातीच्या मुद्रा पाण्यात भिजवून माती पुन्हा कामात आणण्यासाठी केलेला एक खड्डा तिथं होता, आणि त्याच्या कडेला ताजे वळलेले गुंडे ओळीनं मांडलेले होते. कोठाराच्या कारकुनी कामाची माती लढाईच्या कामाला लागली होती. आपल्याकडे मोहेंजोदडोच्या गढीवर मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात तटावरच्या वाटेवर भाजलेल्या मातीचे शंभराच्या आसपास गोळे मिळाले, प्रत्येकी सुमारे ६ औंसांचे, म्हणजे १७० ग्रॅमचे. कुणीतरी वजन ठरवून ते केले होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मातीचा प्रत्येक गोळा गोफणीचाच असतो असं मी म्हणत नाही. तुर्कस्तानातल्या चातालह्योयुक इथले बरेच गोळे चुलीत तापवून अन्न शिजवण्यासाठी वापरले जात, असं अभ्यासक मानतात. अमेरिकेत लुइझियानातल्या पॉव्हर्टी पॉइंट इथल्या मातीच्या गोळ्यांचंही तेच. मोहेंजोदडोचे १७० ग्रॅमचे गोळे नुसत्या हातानंही फेकता आले असतील. आक्षेप रास्त आहे. पण स्वयंपाकाचा गोळा पुन्हा पुन्हा तापतो, त्यावर काजळी धरते, तडे जातात. दोन्ही टोकांना निमुळता, कच्चा आणि ढिगानं साठवलेला गुंडा चुलीच्या कामाचा नसतो. कच्ची माती पाण्याच्या भांड्यात टाकली तर तिचा चिखलच होणार. म्हणून सबी अब्याद आणि हामूकरचे पुरावे मी पक्के धरतो, आणि मोहेंजोदडोचा वजनाच्या एकसारखेपणापुरताच.

सगळ्यात वजनदार आक्षेप वजनाचाच आहे. माती हलकी, ती लांब जात नाही. हे खरं आहे. आपला काळा फत्तर घनसेंटिमीटरला २.८ ते २.९ ग्रॅम भरतो, शिसं ११.३, आणि वाळू घातलेली वाळकी माती १.८ च्या आसपास. सारख्याच वजनाचा गुंडा मातीचा केला तर दगडापेक्षा हवेला सामोरं जाणारं त्याचं तोंड सुमारे एक तृतीयांशानं मोठं होतं, म्हणजे हवा त्याला जास्त अडवते. ग्रीक लेखक झेनोफननं इसवी सनापूर्वी ४०१ ची हकिगत लिहिताना हेच नोंदवलं: मुठीएवढे दगड फेकणाऱ्या पर्शियन गोफणकऱ्यांपेक्षा शिशाच्या गोळ्या फेकणाऱ्या ऱ्होड्सच्या लोकांचा पल्ला दुप्पट होता. मग शिसंच का नको? शिसं विषारी आहे, घरात वितळवण्याची वस्तू नाही, आणि ज्या रानात आपण धान्य पिकवतो तिथं ते टाकणं तर अजिबात नको. आणि शिशाच्या गोळ्या साच्यातून निघत, म्हणजे तिथंही दोन गुण एकत्र होते, जडपणा आणि एकसारखेपणा. त्यातला दुसरा गुण मातीत पुरेपूर मिळतो.

पहिल्याची गरज किती, ते शेतावरून ठरवावं. एक एकर म्हणजे साधारण ६४ मीटरचा चौरस. मध्ये माळा घातला तर सगळ्यात लांबचा कोपरा ४५ मीटरवर येतो. अडीच एकराच्या तुकड्यातही तो ७० मीटरच्या आसपास राहतो. एवढं अंतर मातीचा ६० ग्रॅमचा गुंडा साध्या हातानं गाठतो, त्यासाठी पैलवान लागत नाही. जडच गुंडा लांब जातो ही समजूतही तपासून पाहावी. अमेरिकेतल्या यूटा राज्यात लॅरी ब्रे यांनी १९८१ मध्ये ४३७ मीटरचा विक्रम केला, तेव्हा त्यांच्या गोफणीत ५२ ग्रॅमचा लांबट दगड होता. हात आणि दोरी यांना पेलेल तेवढंच वजन वेग घेतं. सव्वाशे-दीडशे ग्रॅमचे धोंडे घालून खांदे दुखवून घेण्यात काही फायदा नाही.

आता करण्याविषयी. काळी माती नुसती वापरली तर हमखास फुटते. ती पाण्यानं जेवढी फुगते तेवढीच वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला जशा भेगा पडतात तशाच गुंड्याला पडतात. तिच्यात चाळलेली बारीक वाळू घालावी लागते. माझ्याकडच्या मातीला दोन भाग माती आणि एक भाग वाळू हे प्रमाण मानवतं. तलावातला गाळ किंवा गावठाणातली पांढरी माती असेल तर वाळू कमी लागते. कोकणातल्या लाल मातीची चिकटी जागोजाग बदलते, म्हणून तिथं आधी थोडे गुंडे करून वाळवून पाहावेत. भुसकट किंवा लीद घातली तरी भेगा थांबतात, कुंभारही मातीत लीद घालतात, पण त्यानं गुंडा हलका होतो. आपल्याला वजन हवं आहे, म्हणून वाळू. माती आधी कोरडी कुटून चाळावी, मुळं आणि खडे काढावेत. मग भिजत घालून निदान एक रात्र तशीच ठेवावी, म्हणजे ढेकळांच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचतं. दुसऱ्या दिवशी मळायला घ्यावी. घाई करणारे सगळ्यात जास्त चुकतात ते इथं. भाकरीच्या पिठाइतकी घट्ट आणि एकजीव होईपर्यंत मळली नाही, तर आत हवा राहते आणि घड्या राहतात. वळताना त्या दिसत नाहीत, वाळल्यावर तिथंच गुंडा उकलतो.

मग काटा. स्वयंपाकघरातला साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. ओल्या मातीत पाचव्या हिश्शाच्या आसपास पाणी असेल, तर ७५ ग्रॅमचा ओला गोळा वाळून ६० वर येतो. एका बैठकीत सगळे गोळे आधी तोलून ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत आणि मग वळायला घ्यावेत; वळता वळता तोललं की माती सुकत जाते आणि शेवटचे गुंडे पहिल्यांपेक्षा जड होतात. वळताना पहिल्यांदा दोन्ही तळव्यांत गोल गोळा करावा, दाब हळूहळू वाढवत, म्हणजे घडी उरत नाही. त्यानंतर तळवे किंचित तिरपे धरून पुढंमागं लोळवलं की दोन्ही टोकं निमुळती होतात आणि मधला भाग फुगीर राहतो. असा गुंडा गोफणीच्या विणलेल्या भागात आडवा ठेवला की दर वेळी तसाच बसतो आणि तसाच सुटतो. गोल गुंडा वाईट नाही, नवशिक्याला तो सोपाच. पण हात बसल्यावर निमुळता जास्त भरवशाचा वाटतो, असा माझा अनुभव आहे.

वाळवणं हे या कामातलं सगळ्यात अवघड अंग आहे, कारण त्यात हातानं करण्यासारखं थोडं आणि थांबण्यासारखं जास्त. उन्हात टाकले की वरचं कवच लगेच सुकून आकसतं, आत मात्र ओल असते, आणि कवच फाटतं. पहिले काही दिवस सावलीत, वारं थेट लागणार नाही अशा जागी, गोणपाटावर, दिवसातून एकदा उलटवत. रंग सगळीकडून फिका झाला की मग ऊन. वाळलेला गुंडा ओळखायला दोन गुंडे एकमेकांवर हलकेच वाजवावेत. आतून सलग असेल तर टणक आवाज येतो. भेग असेल तर आवाज बसका येतो, मग वरून तो कितीही देखणा असो. बसक्या आवाजाचा गुंडा फेरा घेतानाच फुटून तोंडावर येऊ शकतो. तो बाजूला काढून पुन्हा भिजत घालावा. दगडाला ही सोय नाही. चुकलेली माती वाया जात नाही, आणि त्यामुळं शिकणाऱ्याला चुकण्याची भीती वाटत नाही. या कामानं मला सबुरी शिकवली असेल तर ती इथं, फेकताना नव्हे.

एवढं केल्यावर भाजून का घेऊ नयेत, असं विचारलं जातं. भाजलेला गुंडा टणक होतो, पावसात विरघळत नाही, पुन्हा वेचून वापरता येतो. सीझरनं त्याचा आणखी एक उपयोग नोंदवला आहे: इसवी सनापूर्वी ५४ च्या हिवाळ्यात नर्वी टोळीच्या लोकांनी मातीच्या गोळ्या लाल तापवून रोमन छावणीच्या गवती छपरांवर फेकल्या आणि आग लावली. युद्धात हे ठीक. शेतात मला टिकणारा गुंडाच नको आहे. आपल्या बापजाद्यांनी रानातले दगड वेचून बांधावर टाकण्यात हयाती घालवल्या. तेच दगड गोफणीनं पुन्हा रानात पेरायचे, आणि उद्या कोळप्याची पास किंवा रोटाव्हेटरचं पातं त्यावर आपटायचं, यात शहाणपण नाही. चुकून मळणी यंत्रात गेलेला खडा काय करतो, ते मळणी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाजलेला गुंडा फुटला तरी त्याची खापरी रानात तशीच राहते. कच्चा गुंडा पडला की बहुधा फुटतो, आणि राहिलाच तर पहिल्या पावसात माती होऊन मातीत जातो. रानातूनच घेतलेली माती रानात परत जाते, वर थोडी वाळू, तिनं काही बिघडत नाही. टिकाऊपणा हा सगळीकडे गुण मानायची आपल्याला सवय झाली आहे. इथं न टिकणं हाच गुण आहे.

आता कष्टांचा मुद्दा. गोफणच जुनी झाली, फटाके आहेत, चमकणाऱ्या पट्ट्या आहेत, जाळी आहेत, मग गुंडे वळत कोण बसणार? जाळी फळबागेत आणि द्राक्षाला चांगली, पण एकरभर ज्वारीवर ती अंथरण्याचा खर्च ज्वारीच्या भावात बसत नाही. पट्ट्या पहिले काही दिवस काम करतात, मग चिमण्या त्यांच्यावरच बसतात. फटाक्याचंही तेच, शिवाय वाळलेल्या ताटांत ठिणगीची भीती. पाखरू एका जागी, एका वेळी, एकाच तऱ्हेनं होणाऱ्या गोष्टीला लवकर सरावतं. गोफणीचा गुंडा जिथं थवा उतरतो तिथं जातो, दोरीच्या टोकाचा फटका वाजतो, गुंडा ताटांतून सळसळत जातो, आणि मागं माणसाची आरोळी असते. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे हुरड्यात आलेल्या ज्वारीवर उतरतात, तेव्हा त्यांना उतरण्याआधीच वळवावं लागतं, आणि त्याला लांबवर आणि नेमकं पडणारं काहीतरी हवं. (याच भोरड्या नाकतोडेही खातात, त्यामुळं त्यांच्याबद्दल मनात राग धरण्याचं कारण नाही.) कष्ट आहेत हे मान्य. पण गुंडे करायचे ते दिवाळीच्या आसपास, ऊन कोरडं असताना, आणि ते काम बसून करायचं आहे. घरातली म्हातारी माणसं आणि पोरंही त्यात हात घालू शकतात. राख पसरलेल्या पोत्यात, ओल नसलेल्या कोपऱ्यात ठेवले तर हंगामभर राहतात.

शेवटचा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. माती म्हणजे मऊ, म्हणजे निर्धोक, असं समजून लोक हे गुंडे पोरांच्या हाती देतात. हे पार चुकीचं आहे. साठ ग्रॅमचा गुंडा सेकंदाला ३० मीटर वेगानं आला तर त्यात २७ ज्यूल ऊर्जा असते. डोळा जायला, डोकं फुटायला ती पुरेशी आहे. आणि गोफण शिकताना गुंडा मागं किंवा बाजूला सुटतो, हे वर आलेल्या आठ मीटरच्या हिशेबावरूनच कळेल. म्हणून शिकणाऱ्यानं मोकळ्या माळावर एकट्यानं उभं राहावं, पाहणाऱ्यांनी त्याच्यापासून लांब आणि आडोशाला राहावं. शेजारी उभं राहणं सुरक्षित वाटतं, पण तसं ते नाही. वस्ती, रस्ता किंवा जनावरं असलेल्या बाजूला फेक कधीच नको. पाखरांच्या अंगावर नेम धरायचा नाही, त्यांच्या पुढ्यातल्या ताटांवर धरायचा. पोपट आणि मोर यांच्यासह बहुतेक पाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण आहे. तो कायदा नसता तरी राखणीचं काम पाखरू उठवण्याचं आहे, मारण्याचं नाही, आणि उठवायला ताटांत पडलेला गुंडा पुरतो. इथंही एकसारख्या वजनाचा गुंडाच उपयोगी पडतो, कारण थव्याच्या दोन हात अलीकडे गुंडा टाकायचा तर तो कुठं पडेल हे आधी कळायला हवं. वेचलेल्या दगडानं ते कळत नाही. पोरांना शिकवायचंच असेल तर आधी महिनाभर नुसते गुंडे वळायला लावावेत, काट्यावर तोलायला आणि वाजवून निवडायला. ज्याच्या हातून साठाच्या जागी पंचावन्न किंवा पासष्टचा गुंडा जात नाही, त्याच्या हाती गोफण द्यायला माझी हरकत नसते.